पावडर कोटिंग काढणे: तीन शनिवारांची गोष्ट

सायकलच्या फ्रेमवरचं पावडर कोटिंग घरच्या घरी काढता येतं का? येतं. काढावं का? बहुतेकांनी काढू नये. सरळ सँडब्लास्टिंगवाल्याकडे द्यावी फ्रेम. तो काय घ्यायचे ते पैसे घेईल, तासाभरात स्वच्छ करून देईल आणि तुमचा शनिवार तुमच्याकडे राहील. एवढं वाचून ज्यांचं काम झालं त्यांनी चहा प्यावा. बाकीच्यांसाठी पुढचं लिहितोय.

तर मंडळी, विषय बाबांच्या सायकलचा आहे. हर्क्युलिस, काळी, २४ इंची फ्रेम, रॉडचे ब्रेक, मद्रासजवळ अंबत्तूरच्या कारखान्यात बनलेली. बाबांनी ती १९७२ साली घेतली आणि २००७ साली रिटायर होईपर्यंत तिच्यावरून पेठेतून खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत गेले. शेवटची काही वर्षं घरात स्कूटर होती, तरीही. मग सायकल जिन्याखाली गेली. २०१४ साली माझ्या आतेभावाला हौस आली आणि त्याने तिला एका वर्कशॉपमधून मोरपंखी रंगाचं पावडर कोटिंग करून आणलं. दिसायची झकास. बाबा काही बोलले नाहीत, आणि ती परत जिन्याखाली गेली.

२०२४ च्या दिवाळीत भाचीने ती बघितली. ताईची मुलगी, वय वर्षं सतरा. "मामा, ही चालू करून दे ना, मी कॉलेजला नेते. फुल व्हिंटेज!" मी हो म्हणणार एवढ्यात आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला, "आधी तिचा सांधा बघावा लागेल."

सांधा म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. १९८७ साली ही सायकल एकदा तुटली होती. पुढच्या डोक्यापासून पॅडलकडे तिरकी उतरते ती खालची नळी, ती डोक्याजवळच्या जोडाच्या जरा मागे फाटली. बाबांनी तेव्हा एका गॅस वेल्डिंगवाल्याकडून पितळ भरून घेतलं आणि पुढची वीस वर्षं चालवली. हा सांधा आता मोरपंखी रंगाखाली कुठेतरी होता. बोट फिरवलं तर किंचित उंचवटा लागायचा, बस्स. तो धड आहे की नाही हे रंगावरून कळायला काहीच मार्ग नाही.

आमच्या धंद्यात हा प्रकार नेहमीचा. जुनी सिस्टीम असते, आत काय चाललंय कोणाला माहीत नसतं, त्यावर कोणीतरी चकचकीत नवा स्क्रीन चढवतो आणि सगळे खूश. फरक इतकाच की आमची सिस्टीम पडली तर रात्री दोनला फोन येतो. सायकलची खालची नळी उतारावर तुटली तर चालवणारा तोंडावर पडतो.

मी म्हटलं, देऊ या सँडब्लास्टिंगला. बाबा म्हणाले, "अजिबात नको. चीर बुजते."

इथे सांगायला हवं की बाबा फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी धातूचे तुकडे तपासून पास किंवा नापास केले. त्यांचं म्हणणं असं की वाळूचा मारा म्हणजे लाखो बारीक हातोड्या. पोलादाचा वरचा थर त्याने पसरतो आणि केसाएवढी चीर असेल तर तिचं तोंड मिटतं. चीर असते तिथेच, पण मग ती कुठल्याही साध्या तपासणीत दिसत नाही. मी नंतर वाचून खात्री केली. कारखान्यांत चिरा शोधण्याची जी रंगद्रव्याची तपासणी असते, तिच्याआधी ब्लास्टिंग किंवा ग्राइंडिंग शक्यतो करू नये असंच सांगतात. म्हणजे ग्राइंडरला लावायची फ्लॅप डिस्कही बाद. तशीही ती बादच असायला हवी, कारण नळीचा पत्रा एक-दीड मिलिमीटरचा, चांगल्या रेसिंग फ्रेममध्ये तर मध्यभागी त्याच्याही निम्मा. डिस्कला रंग आणि नळी यातला फरक कळत नाही.

थोडक्यात काय, तर रंग रसायनानेच काढायचा. घरी.

आता थोडं शास्त्र. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी दोन परिच्छेद खाली उडी मारावी.

साधा रंग म्हणजे पातळ केलेलं मिश्रण. थिनर उडून जातो, रंग राहतो. पावडर कोटिंगमध्ये थिनरच नसतो. राळ आणि रंगद्रव्याची कोरडी पूड असते, ती बंदुकीतून उडते आणि उडताना तिला साधारण ३० हजार ते १ लाख व्होल्टचा विद्युतभार मिळतो. फ्रेम अर्थिंगला जोडलेली असते, त्यामुळे पूड तिला जाऊन चिकटते, अगदी नळीच्या मागच्या बाजूलाही. मग फ्रेम भट्टीत जाते, १८० ते २०० अंशांवर दहा-वीस मिनिटं. पूड वितळते, पसरते आणि मग तिच्यातले रेणू एकमेकांना आडवे-उभे बांधले जातात. थर बसतो साधारण ६० ते १०० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या एका केसाइतका जाड.

हे बांधलं जाणं महत्त्वाचं. तूप तापवलं की पातळ होतं, गार केलं की थिजतं, परत तापवा, परत पातळ. इडलीचं तसं नाही. एकदा वाफवली की तिचं परत पीठ होत नाही. पावडर कोटिंग इडलीच्या जातीचं आहे. थिनर, पेट्रोल, टर्पेंटाइन यातलं काहीही चोळा, ते तुमच्याकडे बघून हसतं. ते विरघळत नाहीच. फार तर फुगवता येतं किंवा तापवून मऊ करता येतं.

फुगवण्याचं काम मेथिलीन क्लोराइड करतं. रेणू अगदी लहान, त्यामुळे तो रंगाच्या जाळीत घुसतो, जाळी फुगते आणि धातूवरची पकड सोडते. बोहरी आळीत पेंट रिमूव्हर मागितल्यावर मला जो डबा मिळाला त्यावर हेच नाव होतं. दुकानदार म्हणाला, "हाताला लावू नका, बाकी काही नाही."

बाकी बरंच काही आहे. हा द्रव शरीरात गेला की त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो, तोच बंद खोलीतल्या शेगडीवाला. त्याची वाफ हवेच्या जवळजवळ तिप्पट जड, म्हणून ती वर उडून न जाता खोलगट जागेत साचते. अमेरिकेत बाथटबचा जुना रंग काढणारे कामगार टबात वाकून हे वापरायचे. २००० ते २०११ या काळातले अशा कामगारांचे १३ मृत्यू तिथल्या सरकारी आरोग्य खात्याने २०१२ साली नोंदवले. २०१९ पासून तिथे घरगुती गिऱ्हाइकाला हे रसायन असलेला रिमूव्हर विकायला बंदी आहे. आणि याचा उत्कलनबिंदू ४० अंश आहे. पुण्याच्या एप्रिलमध्ये गच्चीवर डबा उघडला तर तो जवळपास उकळलेलाच असेल.

म्हणून डिसेंबरची सकाळ, सहा वाजता, उघडी गच्ची, पारा बारा-तेरावर. कोविडच्या वेळचे एन-९५ मास्क घरात ढिगाने पडलेत, पण ते धुळीसाठी. वाफ त्यातून आरामात जाते. त्यामुळे मोकळी हवा आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहणं हाच खरा उपाय. भांडी घासायचे किंवा डॉक्टरी निळे हातमोजे यातून काही मिनिटांत पार होतात. लॅमिनेटचे वेगळे मागवावे लागले. डोळ्यांना पूर्ण झाकणारा गॉगल. हे काम बाथरूममध्ये, बंद बाल्कनीत किंवा गॅरेजमध्ये करणार असाल तर कृपया करू नका. वेळ असेल तर बेंझाइल अल्कोहोलवाले रिमूव्हर घ्या. सावकाश काम करतात, दोन-चार तास नाहीतर रात्रभर, पण इतके जिवावर उठत नाहीत.

खरी अडचण वेगळीच होती. बाबांना गच्चीवर यायचं होतं. त्यांना २०१९ साली स्टेंट बसवलाय. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतो, म्हणजे ज्याचं हृदय आधीच तोलूनमापून चाललंय त्याला सगळ्यात आधी त्रास. मी सरळ सांगितलं, "बाबा, तुम्ही वर यायचं नाही."

"अरे, मी आयुष्य दारूगोळ्यात काढलंय."

"म्हणूनच. तुम्हाला नियम माहितीयेत."

यावर ते गप्प झाले. मग तह झाला: ते खाली खोलीत, मी वर, फोन स्पीकरवर.

पहिला शनिवार सुटं करण्यात गेला. पॅडलच्या कॉटर पिना बावन्न वर्षांच्या इमानाने बसलेल्या. रॉकेल-तेल टाकून रात्रभर ठेवलं, मग लाकडाचा ठोकळा धरून हातोडी. छर्रे एका वाटीत, वायसर दुसऱ्या वाटीत, चिमटा बाजूला. आटे आणि कप चिकटपट्टीने बंद केले, म्हणजे रिमूव्हर आत जाणार नाही. दुपारी सांध्यापासून लांबच्या भागावर हीट गन चालवली. गन साधारण तीनशेवर ठेवायची, रंग चामड्यासारखा मऊ झाला की लांबीच्या पट्टीने खरवडायचा. धूर यायला लागला तर गन लांब न्यायची. पोलादाला इतक्याने काही होत नाही, पितळी जोड वितळायला नऊशेच्या आसपास लागतात. तुमची फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची असेल तर मात्र हे करू नका. तिची ताकद १७० अंशांच्या आसपास तापवून आणलेली असते, गनने ती ताकद काढून घ्याल आणि दिसणार काहीच नाही. कार्बनच्या फ्रेमला तर गन आणि रिमूव्हर दोन्ही वर्ज्य, कारण ती फ्रेम स्वतःच राळ आहे.

मोरपंखी रंगाखाली गंमत निघाली. वर्कशॉपवाल्याने जुना रंग पूर्ण काढलाच नव्हता. जोडांच्या कोपऱ्यात कंपनीचा काळा इनॅमल तसाच होता आणि त्याच्याखाली गंज. चुकूनही कोरडा घासू नका हा जुना रंग. भारतात घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, सत्तरच्या दशकातल्या रंगात काय असेल ते देव जाणे. मी पाण्याचा पॉलिश पेपर वापरला, तोही सांध्याला न लावता.

सीटखालच्या नळीवर, इनॅमलमध्ये, एक सोनेरी अक्षर दिसायला लागलं. मग दुसरं. ब्रशने रंगवलेलं बाबांचं नाव आणि खाली टोकन नंबर. फॅक्टरीच्या स्टँडवर शेकडो काळ्या सायकली, आपली ओळखायची कशी? म्हणून पेंटरकडून घालून घेतलेलं. फोनवर सांगितलं तर म्हणाले, "आठ आणे घेतले होते त्याने." तेवढा तुकडा मी तसाच ठेवला.

दुसरा शनिवार सांध्याचा. रंगावर आधी ब्लेडने बारीक रेघा मारल्या, खालपर्यंत नाही, नुसत्या रिमूव्हरला वाट मिळावी म्हणून. जाडसर थर लावला, वरून प्लॅस्टिकचा कागद गुंडाळला, नाहीतर उडून जातं. पंधरा मिनिटांनी कागदाखाली रंग भाजक्या पापडासारखा फुगला. बघायला मजा येते, खोटं कशाला बोलू :-) लाकडी पट्टीने अलगद काढला, दुसरा हात लावला, परत काढला. साबणाच्या पाण्याने धुतलं, लगेच पुसलं, कारण उघडं पोलाद तासाभरात गंजायला लागतं.

आणि सांधा दिसला. पिवळं पितळ, नळीभोवती पाऊण वेढा, जरा ओबडधोबड. बाबांनी विचारलं, "रंग कसाय?" "सोन्यासारखा." "मग पितळ चांगलं भरलंय त्याने. कडेला बघ." कडेला मला काहीच दिसलं नाही. साध्या डोळ्यांना सगळं ठीक होतं, भिंगातूनही.

डब्यात उरलेला रिमूव्हर घट्ट बंद केला. खरवडलेला गाळ मोरीत किंवा गटारात टाकायचा नाही. मी तो गच्चीवर वाळू दिला, डब्यात भरला आणि वेगळा दिला. २०१६ च्या घनकचरा नियमांत रंगाचे डबे घरगुती घातक कचऱ्यात येत होते, हा तर त्याचाच भाऊ.

तिसऱ्या शनिवारी बाबा वर आले. आता वाफेचं काम संपलं होतं. मी तपासणीचे तीन स्प्रे आणले होते: साफ करायचा, लाल रंगाचा आणि पांढरा. लाल रंग इतका पातळ असतो की तो केशिका-क्रियेने चिरेत ओढला जातो. दहा मिनिटं थांबायचं, मग कापडाने पुसायचं. स्प्रे थेट मारून धुवायचं नाही, नाहीतर चिरेतलाही निघून येतो. मग पांढऱ्याचा हलका थर, तो वाळला की खडूसारखा होतो आणि आतला लाल रंग बाहेर शोषून घेतो.

बाबांचा या डब्यांवर विश्वास नव्हता. त्यांनी आधी स्वतःची पद्धत करायला लावली: रॉकेलमध्ये पातळ केलेलं तेल, पाच मिनिटं, कोरडं पुसायचं आणि वरून खडूची पूड. रेल्वेतही पूर्वी असंच करायचे म्हणे. आम्ही दोघं उकिडवे बसून बघत होतो. तीन-चार मिनिटांत पितळाच्या मागच्या कडेला, नळीच्या खालच्या अंगाला, खडूवर एक ओलसर काळी रेघ उमटली. मग ते पुसून, सुकवून, स्प्रे मारले. त्याच जागी लाल रेघ. पट्टी लावली: १९ मिलिमीटर.

तर्क सोपा आहे. पितळ भरलं तिथे नळी जाड आणि कडक झाली, त्याच्या लगतची मूळ नळी तेवढीच राहिली. खड्ड्यात चाक आपटलं की सगळा ताण त्या कडेवर. बाबांनी कानशीच्या टोकाने चिरेच्या तोंडाशी जरा खरवडलं. तपकिरी गंज निघाला. म्हणजे चीर कालपरवाची नाही. सायकल २००७ पासून चाललेलीच नाही, तेव्हा ती त्याच्या आधीची, बाबा चालवत होते तेव्हाची.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दांडीवर तू बसायचास. ताई मागे कॅरियरला."

मी म्हटलं, "बाबा, काही झालं तर नाही ना."

"झालं नाही म्हणजे पास नाही होत रे."

मग त्यांनी पिशवीतला खडू घेतला आणि नळीवर, चिरेच्या दोन बोटं पुढे, एक ठसठशीत फुली मारली. ती त्यांनी हजारो वेळा मारली असणार. हात जराही हलला नाही.

पुढे काय, असं विचाराल. लग असलेली फ्रेम दुरुस्त होऊ शकते. जोड तापवून जुनी नळी काढायची, नवी बसवायची. सायकल बांधणारे काही जण आहेत देशात, जे हे करतात. मी चौकशी केली. खर्च नव्या बऱ्या सायकलपेक्षा जास्त. भाचीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग वरून थोडं वेल्डिंग मारून चालणार नाही का?" तिला बाबांनी खडूवरची रेघ फोटोत दाखवली आणि वीस मिनिटं समजावलं. मला आठवतं तसं, माझ्या दहावीच्या गणितालाही त्यांनी एवढा वेळ दिला नव्हता. तिच्यासाठी आम्ही एक वापरलेली गिअरची सायकल घेतली. बाबांनी ती आधी उलटी करून सगळे जोड खडूने तपासले, विकणाऱ्याच्या दारातच. तो बघतच राहिला.

आता हिशोब, कारण विचारणारे विचारतील. सामानाला साधारण अडीच हजार गेले, त्यात हीट गन मित्राची. वेळ तीन शनिवार. नुसता रंग बदलायचा असेल तर हे सगळं करण्यात काही अर्थ नाही, बाहेर द्या. अ‍ॅल्युमिनियम किंवा कार्बन असेल तरी घरी हात लावू नका. पण फ्रेम पोलादाची, जुनी, कधीतरी जोडलेली आणि वर नवाकोरा रंग असेल, तर त्यावर कोणाला बसवण्याआधी जोडापुरता तरी रंग काढून बघा. सगळी फ्रेम उघडी करायची गरज नाही, वीतभर पुरते. आणि तपासणी होईपर्यंत ब्लास्टिंग, ग्राइंडर दोन्ही लांब ठेवा. डोळ्यांवर विसंबू नका. खडू आणि रॉकेल-तेलाला वीस रुपयेही लागत नाहीत.

फ्रेम सध्या माझ्या खोलीत आहे, तेलाचा हात फिरवलेली, नावाचा तुकडा आणि टोकन नंबर तसाच. नळी बदलायची की नाही हे बाबांवर सोडलंय. ते म्हणतात बघू. गेल्या रविवारी ते अचानक विचारत होते की ते सायकल बांधणारे लोक नळी कुठल्या कंपनीची वापरतात आणि तिचं टेस्ट सर्टिफिकेट मिळतं का.